अकरा अंशांवरचा बिंदू

"थेंब टाकायच्या आधी सांगत जा गं. माणूस आहे मी, तुळशीची कुंडी नव्हे," बाबा पुटपुटले.

वसुंधरा त्यांच्यावर इतकी वाकली होती की ते पुटपुटणं तिच्या गालाला आधी लागलं आणि कानात नंतर शिरलं. डाव्या हाताच्या बोटांनी तिनं त्यांची पापणी वर धरली होती. एक्याण्णव वर्षांची ती पापणी भिजलेल्या कागदासारखी लागत होती. "बरं, सांगते. टाकतेय हं," असं ती म्हणाली, तेवढ्यात त्याच सुरात, डॉक्टरांबद्दल किंवा चहात साखर कमी पडल्याबद्दल कुरकुरावं तसं ते म्हणाले, "नाव आठवलं मला त्याचं."

"कुणाचं?"

"तारेच्या कारकुनाचं. पाटणकर. आज त्या पोरीला नावानिशी सांगून टाकतो."

थेंब डोळ्यात पडलाच नाही. गालावरून ओघळून कानापाशी गेला. बाबांनी तो पुसला आणि "बघ, वाया घालवलास," म्हणून दुसरा डोळा स्वतःच वर उघडला. वसुंधरेनं दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले, बाटलीचं झाकण फिरवलं, पुन्हा उघडून पुन्हा फिरवलं. शुक्रवारची सकाळ होती. मस्कतच्या घुब्ऱ्यातल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एसी नेहमीसारखा घरघरत होता आणि बाहेर ऊन इतकं पांढरं होतं की समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाक्या नुसत्या रेघांसारख्या दिसत होत्या. अकरा वाजता बाबांच्या आठवणी रेकॉर्ड करायला ऋचा यायची होती. पाटणकर. सदुसष्ट वर्षं त्या कारकुनाला नाव नव्हतं, चेहरा नव्हता. तो नुसता 'पोस्टातला कुणीतरी' होता आणि त्यामुळे त्याचा कुणाला काही त्रासही नव्हता. आता त्याला नाव आलं. नाव आलं की माणसाला घर येतं, बायको येते, नातवंडं येतात, आणि त्यातलं एखादं नातवंड कुठेतरी मोबाइलवर आपल्या आजोबांचं नाव टाकून बघतं.

तारेची गोष्ट तिनं किती वेळा ऐकली होती याचा हिशोब नाही. पुण्याच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा ती ऐकूनच परत जायचा. मस्कतला आल्यावर मंडळाच्या गणपतीत, डोसे खाऊन झाल्यावर, बाबांना मधल्या खुर्चीत बसवून ती दोनदा ऐकवून झाली होती. कोकणातली पोरं, कुणी एसी दुरुस्त करणारी, कुणी क्रेनवर काम करणारी, आ वासून ऐकायची. गोष्ट अशी : बाबा एकोणीसशे अठ्ठावन्न साली संस्थेत विमानशास्त्राचे विद्यार्थी होते. घरात तिला नुसतं 'संस्था' म्हणत, दुसरी संस्था जगात नसल्यासारखं. देश नवा, विमानं बाहेरून विकत घेतलेली, आणि हे विशीतले पंधरा-वीस लोक आपलं स्वतःचं एक दोन आसनांचं विमान करायला निघालेले, शिकाऊ वैमानिकांसाठी. त्याचं सागवानी छोटं रूप बदरुद्दीन मिस्त्रीनं तासून घासून इतकं गुळगुळीत केलं होतं की माशी बसली तर घसरावी. ते विंड टनेलमध्ये, म्हणजे एका भल्यामोठ्या लाकडी बोगद्यात टांगायचं, पलीकडून पंख्यानं वारा सोडायचा आणि तराजूवर वजनं टाकून मोजायचं, की वारा त्याला कुठे ढकलतोय, कुठे उचलतोय. एकेक अंशानं नाक वर करायचं आणि मोजायचं. प्रत्येक मोजणीचा एक बिंदू आलेखाच्या कागदावर. सगळे बिंदू एका ओळीत छान उतरत गेले. अकरा अंशांवरचा एक तेवढा उडाला.

तो बिंदू म्हणत होता, नाक अकरा अंश वर गेलं की हे विमान आपण होऊन खाली येणार नाही, आणखी वरच उचलेल. सरांनी तो बघितला. पंख्याच्या मोटरला विजेचा दाब कमीजास्त मिळतोय, म्हणाले, खोडा तो. बाबांनी खोडला. लाकडी वळणपट्टी ठेवून उरलेल्या बिंदूंमधून एक सुरेख रेघ ओढली. पण चैन पडेना. रजेवर निघायच्या सकाळी त्यांनी बदरुद्दीन मिस्त्रीला हाताशी घेतलं, मॉडेल पुन्हा टांगलं, पुन्हा मोजलं. बिंदू पुन्हा तिथेच आला. सर दिल्लीला गेलेले. दुपारची गाडी. चार दिवसांनी पहिलं उड्डाण, आणि उडवणार होता धनेश राजवाडे, बाबांच्या खोलीतला सोबती. मग बाबांनी कोकणात पोचताच तार केली : उड्डाण थांबवा, अकरा अंशांवरचा बिंदू खरा. आणि ती तार पोस्टातल्या कुणीतरी दोन दिवस टेबलावर ठेवून दिली. पोचली तेव्हा धनेशला जाऊन सहा तास झाले होते.

इथे ऐकणारे हळहळायचे. क्रेनवरचा पोरगा एकदा म्हणाला होता, "त्या भोसडीच्याला हुडकून काढायला हवा होता काका," आणि मग बायका आहेत हे लक्षात येऊन त्यानं जीभ चावली. बाबा मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं, दुःखानं.

रजा कशासाठी होती ते गोष्टीत नसायचं. रजा लग्नासाठी होती. वसुंधरेच्या आईशी.

वसुंधरा स्वयंपाकघरात गेली आणि खजुराच्या ताटलीवर उगाच दुसरी ताटली पालथी घातली. तिचा नवरा शिरीष सकाळीच मित्रांबरोबर इब्रा गावी गेला होता. तो विमानतळावर सुट्या भागांच्या भांडारात कामाला होता आणि मोजकंच बोलायचा, पण बूट घालता घालता म्हणाला होता, "आज पोचणार म्हणायची तुझ्या बाबांची तार." ती हसली नव्हती. हसू आलं होतं म्हणूनच चिडली होती. त्याला काय माहीत होतं, किती माहीत होतं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. पहिल्यांदा गोष्ट ऐकली तेव्हाही तो एवढंच म्हणाला होता की त्या काळी टपालखातं इतकं काही वाईट नव्हतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. काही प्रश्न आपण माणसाला विचारत नाही, कारण त्याला उत्तर येत असतं.

तो फॉर्म तिला तीन वर्षांपूर्वी सापडला होता. आई गेल्यावर पुण्याचं घर आवरताना, आईच्या लग्नातल्या शालूच्या घडीत. तारेचा छापील फॉर्म, बाबांच्या त्या टोकदार इंग्रजी अक्षरात भरलेला, खाली सही, तारीख. शब्द अगदी गोष्टीतलेच. शिक्का नव्हता. कुठेच नव्हता, तिनं तो उजेडाला धरून बघितला, पाठपोट बघितला, आईच्या भिंगाखाली धरला. भरून खिशात ठेवलेला आणि खिशातच राहिलेला कागद. तेव्हा तिला काय वाटलं ते तिला अजून नीट सांगता आलं नसतं. राग आला नाही, ही शरमेची गोष्ट होती. पहिल्यांदा मनात आलं ते असं की आईला माहीत होतं. आईनं तो नवरदेवाच्या कोटाच्या खिशातून काढला असेल, कोट झटकताना, लग्नाच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी. त्या वेळी धनेश राजवाडे जिवंत होता की नव्हता? तारखा तिनं बोटांवर मोजायला घेतल्या आणि ती मध्येच थांबली. उत्तर दोन्हीकडून वाईटच येत होतं. आणि मग आई चौसष्ट वर्षं तो शालू नेसली नाही. 'जड आहे गं,' म्हणायची.

वसुंधरेला इंजिनियर व्हायचं होतं. बाबा म्हणाले, काहीही शीक, विमानाचं नको. कारण सांगितलं नाही, आणि त्या काळी मुलींना कारण सांगायची पद्धत नव्हती म्हणून तिनंही मागितलं नाही. कॉमर्सला घातलं, ते दुसऱ्या वर्षी सुटलं. पण दुपारी बाबा कामावर गेले की ती त्यांच्या कपाटातली पुस्तकं काढायची, जाड, धुळकट, समासात त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा असलेली, आणि न कळणारं पान कळेपर्यंत दहादा वाचायची. गणित असं चोरून शिकली ती. आता शाळेतली बारावीची पोरं तिच्याकडे शिकवणीला येतात, आपसात इंग्रजीत खिदळतात, तिला 'आँटी, ये स्टेप समझा दो' म्हणतात, आणि आलेख काढताना सगळ्या बिंदूंमधून छान रेघ काढून मोकळी होतात. एखादा बिंदू बाहेर पडला की रबर घेतात. तिचा आवाज तेव्हा असा चढतो की पोरं एकमेकांकडे बघतात. "तो का बाहेर पडला ते आधी शोध. खोडायचा नाही. खोडलास तर माझ्याकडे येऊ नकोस." एका आईनं फोन करून सांगितलं होतं, मॅडम, एवढ्याशा टिंबावरून मुलगी रडत घरी आली.

आणि कलावतीकाकू. धनेशची बायको, वयाच्या विसाव्या वर्षी विधवा झालेली, पुढे शाळेत शिकवून एकटीनं राहिलेली. दर वर्षी धनेश गेल्याच्या आठवड्यात त्या पुण्याच्या घरी यायच्या. बाबांना नेमकं त्या दिवशी काम निघायचं. ते सकाळीच बाहेर पडत आणि दिवेलागणीला परत येत. आई कलावतीकाकूंना बाबांच्या खुर्चीत बसवायची. त्या खुर्चीत एरवी पोरांनी बसलेलं आईला खपत नसे. चहा व्हायचा, आणि कप खाली ठेवता ठेवता, दर वर्षी, त्या आईला विचारायच्या, "कुणाच्या हातात पडली असेल हो ती तार?" आई म्हणायची, "कोण जाणे." मग उठून पुन्हा चहा टाकायची. लहानपणी वसुंधरेला वाटायचं, हा एक खेळ आहे, प्रश्न तोच, उत्तर तेच, जो हसेल तो हरला. दोघींपैकी कुणी कधी हसलं नाही.

बेल वाजली. ऋचा होती, तिशीतली, विमानांच्या देखभालीच्या कंपनीत इंजिनियर, सुट्टीच्या दिवशीही खांद्यावर लॅपटॉपची बॅग. संस्थेचा मोठा वाढदिवस यायचा होता आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायचं काम तिनं हौसेनं अंगावर घेतलं होतं. "काकू, खूप ऊन आहे हो! आजोबा, तुम्ही तर एकदम हॅंडसम दिसताय."

"एकच डोळा उघडा आहे, त्यामुळे तुला तसं वाटतंय," बाबा म्हणाले. ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. वसुंधरेनं सकाळी काढून ठेवला होता तो नव्हे. बाह्यांची बटणं त्यांनी स्वतः लावली होती, त्याला अर्धा तास तरी लागला असणार.

वसुंधरा खजूर आणि चहा घेऊन आली आणि बसली नाही. ट्रे हातात धरून दाराच्या चौकटीला टेकून राहिली. ऋचानं मशीन सुरू केलं, लाल दिवा लागला. बाबा बोलू लागले आणि ती ऐकू लागली, आणि तिला कळलं की आपण श्वास मोजून घेतोय. संस्था. सागवान. बदरुद्दीन मिस्त्री दर शुक्रवारी आंघोळ करून, अत्तर लावून येई आणि मॉडेलला हात लावायच्या आधी हात पुन्हा धुवी. हे नवीन होतं, हे तिनं कधी ऐकलं नव्हतं, आणि हे खरं होतं. त्यांचा आवाज त्या जागी खाली आला, मऊ झाला. खऱ्या गोष्टीला ते अडखळत होते. शब्द शोधत होते, 'काय बरं म्हणत त्याला' म्हणत होते. मग अकरा अंश आले, तार आली, आणि आवाज सरळ झाला. कुठे अडखळ नाही. वळणपट्टी ठेवून ओढलेली रेघ. आपणच या माणसाला खोटं बोलताना ऐकतोय की इतकी वर्षं बोलून बोलून ते त्यांच्या आत खरंच घडून गेलंय? पोस्टाची पायरी, खिडकीची जाळी, जाळीपलीकडचा चष्मा, पाटणकर नावाचा माणूस, सगळं डोळ्यांत मोतीबिंदू असताना लख्ख दिसू लागलेलं? तसं असेल तर ती कुणाला जाब विचारणार होती? आणि विचारून काय मिळवणार होती, एक्याण्णव वर्षांच्या माणसाकडून, ज्याला तिनं तासाभरापूर्वी डोळ्यांत थेंब घातले? आत्ता बोल, ती स्वतःला म्हणाली. आत्ता. तिनं ट्रेवरचा चमचा उचलून सरळ करून ठेवला.

"आणि आजोबा, तारेचं नेमकं काय झालं?"

"तेच सांगतो," बाबा म्हणाले.

"एक मिनिट, एक मिनिट," ऋचा उत्साहानं म्हणाली आणि लॅपटॉप उघडून टेबलावर त्यांच्याकडे वळवला. "सरप्राइज आहे. मी पुढच्या आठवड्यात पुण्याला रेकॉर्डिंगला जातेच आहे, पण त्या म्हणाल्या, आधी मला जनार्दनरावांच्या तोंडून ऐकायचंय. कालपासून त्यांच्या भाचीनं सगळं सेट करून ठेवलंय. यल्ला, लाग रे बाबा… लागलं!"

पडद्यावर आधी एक भिंत आली, मग कॅलेंडर, मग कुणाच्या तरी हातानं कॅमेरा खाली केला आणि एक अगदी लहान झालेली, पांढऱ्या केसांची बाई दिसली. सत्त्याऐंशीच्या कलावतीकाकू. चष्मा काढून त्या पडद्याच्या इतक्या जवळ आल्या की नुसतं कपाळच दिसू लागलं. "दिसतायत का मला? हां. दिसले. बारीक झालात हो जनार्दनराव."

बाबांनी शर्टाच्या बाहीचं बटण चाचपलं. आज त्यांना कामाला बाहेर पडता येणार नव्हतं.

"बोला," कलावतीकाकू म्हणाल्या. "मी मध्ये बोलत नाही."

बाबांनी ऋचाकडे बघितलं, लाल दिव्याकडे बघितलं. वसुंधरेकडे त्यांनी बघितलं नाही. मग घसा खाकरून ते म्हणाले, "गुरुवारी दुपारी मी पोस्टात गेलो. खिडकीवर पाटणकर म्हणून कारकून होता. त्याच्या हातात मी—"

"बाबा, तुमची गोळी राहिली," वसुंधरा म्हणाली. तिच्या आवाजानं तीच दचकली. "काकू, थोडं थांबूया का, त्यांना दमल्यासारखं…"

"वसू आहे का ती? बस गं बाळ," पडद्यातून आवाज आला. "तुझी आई पण अशीच मध्येच चहा टाकायला उठायची. बस."

वसुंधरा बसली. ट्रे मांडीवर घेऊन, पाहुण्यासारखी.

"पाटणकर," कलावतीकाकू म्हणाल्या. "बरं. कसा होता दिसायला?"

"चष्मा होता," बाबा म्हणाले. "उंच. सावळा. त्यानं तार घेतली, टेबलावर ठेवली. म्हणाला, करतो."

"करतो म्हणाला?"

"करतो म्हणाला."

"किती वाजले होते?"

"तीन… साडेतीन."

ऋचा भराभर काहीतरी लिहून घेत होती. तिच्या चेहऱ्यावर तो आनंद होता जो तपशील मिळाला की माणसाच्या चेहऱ्यावर येतो. "पाटणकर, पूर्ण नाव आठवतंय का आजोबा? म्हणजे फॅमिली ट्रेस करता येईल."

पडद्यावर कलावतीकाकूंनी चष्मा पदराला पुसला, घातला. त्यांच्या मागे पुण्यातल्या कुठल्याशा स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि कुणीतरी गॅस बारीक केला. बाबांचे ओठ हलले, पहिलं नाव शोधायला. आणि वसुंधरेला कळलं की ते मिळेलही त्यांना, मागाल तेवढं मिळेल आता, वडिलांचं नाव, राहायचा पत्ता, सगळं.

"पुरे, जनार्दनराव," कलावतीकाकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. वर्गातल्या मुलाला फळ्यापाशी फार वेळ उभं राहू द्यायचं नाही, असा होता. "आजवर नाव नव्हतं तोवर मी ऐकून घेतलं. आता तुम्ही कुणाच्या तरी घरात शिरताय. मी गेले होते त्या पोस्टात. धनेश गेल्यावर दुसऱ्या वर्षी, एसटीनं, भावाला घेऊन. एवढंसं पोस्ट. कारकून नव्हताच तिथे, मास्तर एकटेच होते, म्हातारे. माझं ऐकून घेतलं आणि काही न विचारता त्यांनी तारांची वही काढून पुढे ठेवली. त्या चार दिवसांत तिथून सात तारा गेल्या. सातही वाचल्या मी. एक तर तुमच्याच लग्नाची होती, वऱ्हाड सुखरूप पोचल्याची."

ऋचाचं पेन थांबलं. लाल दिवा चालूच होता. तो बंद करायचा असतो हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

"मी दर वर्षी यायचे ते चहाला नव्हे. तुमच्या बायकोला बिचारीला दर वेळी विचारायचे, कारण तुम्ही घरात नसायचात. म्हटलं, या वर्षी असतील. पुढल्या वर्षी असतील." पडद्यातून त्या बाबांकडे बघत होत्या आणि बाबा, कितीतरी वेळानं, त्यांच्याकडे बघत होते, आता दोन्ही डोळे उघडून.

"तार तुम्ही केलीच नव्हती, जनार्दनराव."